४० वॉटच्या ट्यूब गिटार अँपसाठी १२ इंची स्पीकर कुठला घेऊ? मदत हवी आहे

मंडळी, माझ्या ४० वॉटच्या ट्यूब काँबोचा (अँप आणि स्पीकर एकाच पेटीत) स्पीकर गेलाय, कोनला कडेने चीर पडलीये आणि लो ई (सगळ्यात जाड तार) वाजवली की फरफर आवाज येतो. एकच १२ इंची आहे, ८ ओहमचा. रीकोन करण्यापेक्षा (म्हणजे नुसता नवा कोन बसवण्यापेक्षा) बदलूनच टाकावा म्हणतोय, कारण जुन्याचा ट्रेबल मला कधीच आवडला नाही, स्ट्रॅट गिटारचा ब्रिज पिकअप लावला की कानात टोचतो.

मला हवाय तो टोन म्हणजे क्लीन उबदार, आणि जोरात पिक केलं की हलकासा क्रंच (किंचित फाटलेला आवाज), ब्लूजसाठी. सेलेस्चनच्या ग्रीनबॅक स्पीकरचा मिडरेंज जीव की प्राण आहे, पण तो २५ वॉटचा, एकटा ४० वॉटखाली टिकणार नाही. म्हणून सेलेस्चनचा ६५ वॉटचा क्रीमबॅक डोक्यात आहे, पण त्याची सेन्सिटिव्हिटी (तेवढ्याच पॉवरला किती मोठा आवाज) ९७ डीबी आणि त्यांच्याच व्हिंटेज ३० स्पीकरची १००, म्हणजे तेवढ्याच आवाजाला अँपकडून दुप्पट पॉवर लागणार, ड्रमरसोबत वाजवताना हेडरूम (आवाज न फाटता वाढवायला उरलेली जागा) कमी पडेल का ही खरी काळजी आहे. व्हिंटेज ३० चे अप्पर मिड्स मात्र स्ट्रॅटवर मला नको वाटतात. तिसरा पर्याय एमिनन्सचा कॅनबिस रेक्स, हेम्प कोनचा, १०२ डीबी, ट्रेबल मऊ, पण गेन वाढवल्यावर फारच गुळगुळीत होतो का?

ओपन बॅक (मागून उघड्या) काँबोत यातला कुठला कोणी प्रत्यक्ष वाजवलाय? यूट्यूबवरचे डेमो बहुतेक क्लोज्ड कॅबला (मागून बंद स्पीकर पेटीला) माइक लावून केलेले, त्यावरून काहीच ठरवता येत नाहीये. पुण्यात कोणाकडे क्रीमबॅक लावलेला अँप असेल तर गिटार घेऊन ऐकायला येतो, प्लीज सांगा.