पुन्हा तिथंच? दमट मुलखात परतणाऱ्या सोलापूरकरांनो, लिहा

"एकदा बघितलं ना केरळ? मग परत काय बघायला जाता?" हा प्रश्न मला दर मे महिन्यात ऐकावा लागतो, तोही त्रेचाळीस डिग्रीत पंख्याखाली बसून. आपल्याकडे वर्षभरात पडतो जवळजवळ तेवढा पाऊस कोचीला एकट्या जूनमध्ये पडतो, हे उत्तर कुणाला पटत नाही. म्हणून हा धागा. एकाच गरम-दमट जागी महिना-दोन महिने राहायला पुन्हा पुन्हा जाणाऱ्यांनी लिहा. प्रेक्षणीय स्थळं नकोत, ती सगळीकडं मिळतात. परत गेल्यावर काय झालं ते सांगा. सुरुवात मीच करते.

फोर्ट कोची (निवृत्त शिक्षिका, जुळे सोलापूर)

जयंती जनतानं जायचं. आता ती मुंबईऐवजी पुण्याहून सुटते, पण आमच्या घरात ती अजून जयंतीच. २०१४पासून घर तेच, वरचा मजला. पहिल्या वर्षी पाच किलो ज्वारीचं पीठ, शेंगाचटणी आणि दोन चादरी नेल्या होत्या. दहाव्या दिवशी पिठाची विरी गेली. भाकरी थापताना कडेनं चिरायची, तव्यात टाकेपर्यंत दोन तुकडे. चटणीला बुरशी. चादर धुतली ती चौथ्या दिवशीही हाताला ओली लागायची.

दुसऱ्या वर्षी अख्खी ज्वारी नेली आणि तिथल्या गिरणीत दळून आणली. आधी कुणाची तरी मिरची दळलेली होती. पहिल्याच घासाला ह्यांना असा ठसका लागला, की खालून घरमालकीण चेच्ची पाणी घेऊन वर आली.

२०१८च्या ऑगस्टात पूर आला तेव्हा आम्ही नुकते परतलो होतो. विमानतळ दोन आठवडे बंद, चेच्चीचा फोन लागेना. तिच्या घराला काही झालं नव्हतं, पण माहेर आलुव्याला. तिकडची अकरा माणसं आमच्या वरच्या मजल्यावर येऊन राहिली. डब्यात उरलेली ज्वारी त्यांनी कांजीसारखी शिजवून खाल्ली, हे तिनं बिचकतच सांगितलं. पुढच्या जूनमध्ये गेलो तर डबा तांदळानं काठोकाठ भरलेला.

जुलैच्या मध्यापासून त्यांचा कर्किडकम महिना. औषधी कांजी प्यायची आणि संध्याकाळी दिव्यापुढं रामायण वाचायचं. मला अक्षर कळत नाही, पण सूर आपल्या श्रावणातल्या पोथीचाच.

उबुड, बाली (लॅपटॉपवर पोट, सात रस्ता)

काकू, माझं उलटं. मी दुसऱ्यांदा गेलो आणि पस्तावलो. २०१९ला ज्या खोलीच्या खिडकीतून भातखाचरं दिसायची, तिथं २०२३ला व्हिलाचे पिलर. भाडं मात्र दीडपट. विमानतळावर मिळणारा व्हिसा ३० दिवसांचा, एकदाच आणखी ३० दिवस वाढतो, म्हणजे साठाव्या दिवशी गाशा गुंडाळायचा.

पण त्याच खेपेला न्येपी बघितली. त्यांचं नववर्ष! चोवीस तास दिवा नाही, रस्त्यावर माणूस नाही, विमानतळ बंद, मोबाइलचा डेटासुद्धा बंद. क्लायंटला म्हणालो, उद्या अख्खं बेट बंद आहे. तो म्हणाला, हे कारण नवीन आहे. रात्री मोरीतला दिवा लावला तर दारावर टकटक. बाहेर पेचालांग, म्हणजे गावचे राखणदार, कमरेला काळ्यापांढऱ्या चौकड्यांचं कापड. काही बोलले नाहीत, फक्त दिव्याकडं बोट.

गंमत पुढंच आहे. तारीख होती २२ मार्च, आपला गुढीपाडवा. सालही तेच, शके १९४५. आईचा पाडव्याचा व्हिडिओ कॉल लागेना, तिकडं तिचा जीव वरखाली. दुसऱ्या दिवशी सांगितलं, की इथंही पाडवाच होता, फक्त घरात कोंडून. ती म्हणाली, "मग गुढी कुठंय बे?"

चियांग माई, थायलंड (विद्यार्थिनी, विजापूर रोड)

थोडक्यात सांगते. नोव्हेंबरात गेले, प्रेमात पडले. परत गेले ते मार्चमध्ये. तेव्हा आजूबाजूची शेतं नि जंगलं जळत असतात, समोरचा डोंगर दिसत नाही, घसा कायम खवखवतो. वीस दिवस मास्क लावून खोलीत काढले. महिना बघून तिकीट काढा.

हिक्कडुवा, श्रीलंका (निवृत्त, डिझेल शेड)

सुट्टीतसुद्धा रूळच बघतो, असं बायको म्हणते. म्हणो. २००२ला कोलंबो-गॉल गाडीत दारात बसून गेलो होतो. समुद्र इतका जवळ, की तोंडावर तुषार यायचे. २६ डिसेंबर २००४ला हिक्कडुव्याजवळ पेरलियाला त्सुनामीनं त्याच मार्गावरची गाडी उलथवली. हजारावर माणसं गेली. २०१०ला पुन्हा गेलो तेव्हा दारात बसवेना. त्या गाडीचं इंजिन, नंबर ५९१, नाव मानिटोबा, कॅनडात बनलेलं, दुरुस्त होऊन परत धावायला लागलं. खाऱ्या पाण्यात बुडालेल्या ट्रॅक्शन मोटरी पुन्हा फिरवणं म्हणजे खायचं काम नाही, हे मी सांगू शकतो.

२०२२च्या मार्चअखेरीला तिथंच होतो. तेरा-तेरा तास वीज नाही, गॅसला रांगा. घरमालक चुलीवर भात रांधायचा आणि पाहुण्याला एकच भाजी वाढतो म्हणून नजर चुकवायचा. मी म्हणालो, पिठलं-भाकरीवर वाढलेली माणसं आम्ही, वाढ.

वर्कला, केरळ (चादरवाला, पूर्व भाग)

ताई, दमट हवेत जेकार्डची जाड चादर नेता कशाला? आमचंच नुकसान सांगतो, पण ती दुपदरी विणीची, पाणी धरून बसते. पातळ सुती पंचे न्या, पंख्याखाली रात्रीत वाळतात. मी दरवर्षी चादर नेतो ती घरमालकाला द्यायला. त्याच्याकडं आता सहा झाल्या, आणि तो त्या घडी मोडून वापरतच नाही. असो. तुमची ती गिरणी कुठली? मलाही ज्वारी दळायची असते.

जुळे सोलापूर

मट्टनचेरीच्या बाजारामागची. सकाळी लवकर जा. पहिला घाणा तांदळाचा असतो, त्याच्या मागोमाग उभे राहा. मिरची दहानंतर येते.