मदत हवी आहे: शनिवारी पोरांना घेऊन महाबळेश्वर, घाटातल्या उलटीचं काय करू?

हळदगल्ली (गुरुवार, रात्री १०:२०)
परवा सकाळी निघायचंय म्हणून थोडक्यात विचारतो. पोरं घाटात उलट्या करतात. गेल्या वेळी यवतेश्वरच्या घाटात मोठीने तिच्या आत्याच्या पर्समध्ये केली. पर्समध्ये आत्याचा चष्मा होता आणि बारशाला द्यायचं पाकीट. पाकिटातल्या नोटा कासला पोचल्यावर दगडाखाली वाळत घातल्या, त्यातली पन्नासची वाऱ्याने उडाली, तिच्यामागे धाकटा पळाला, त्याच्यामागे मी. तोवर मोठीने प्यायच्या पाण्याची शेवटची बाटली चष्मा धुण्यात संपवली. हे परत नको.
दुसरं म्हणजे पॉटी. धाकटा घरच्या पिवळ्या बदकावरच बसतो. दुसरीकडे बसवलं की पाय ताठ करतो. बदक बरोबर नेणार आहे, पण एसटीत ते ठेवायचं कुठे? आणि उलटीवर काय द्यायचं? ज्यांनी स्वतः केलंय त्यांनीच सांगा, आणि लवकर.

मेढा_मार्गे
निघणार कुठून? पोरांची वयं काय? आणि घाट कुठला? महाबळेश्वरला वाईवरून गेलात तर पसरणी घाट लागतो, मेढ्यावरून गेलात तर केळघर. लिहिलं नाही तर सांगणार काय?

हळदगल्ली
सांगलीहून. नावावरून कळेल असं वाटलं. साताऱ्याला गाडी बदलणार. रस्ता विचारला नाहीये ओ, उलटी विचारलीय.

वाईकर_आजोबा
साहेब, उलटी रस्त्यावरच ठरते. तुम्ही वाईवरूनच जा. पसरणी घाट रुंद आहे, खाली धोमचं पाणी दिसतं, पोरांचं लक्ष बाहेर राहतं. वर गेल्यावर पाचगणीला उतरून पाय मोकळे करता येतात. माझी नातवंडं गेली सहा वर्षं त्याच घाटाने येतात. आणि वाईत उतरलात तर ढोल्या गणपती दाखवा. एवढा मोठा गणपती पाहून पोरं गप्प होतात, हे मी स्वतः पाहिलंय.

मेढा_मार्गे
आजोबा, शनिवारी पाचगणीत गाड्यांची रांग असते. गाडी दहा पावलं चालते आणि थांबते, पुढच्या गाडीचा धूर आत येतो. धड मोठ्या माणसाच्या पोटात कालवतं, पोराचं काय? मेढ्यावरून दहाएक किलोमीटर कमी पडतात आणि गर्दीही कमी.

वाईकर_आजोबा
केळघरची वळणं तुम्ही सोयीने विसरलात.

मिरज_जंक्शन
मूळ चूक एसटी घेण्यात आहे. सकाळची कोयना एक्सप्रेस पकडा, सांगलीहून थेट साताऱ्याला उतरा. वळणं नाहीत, धक्के नाहीत, पोरांना चालता येतं आणि डब्यात संडास आहे. दोन्ही प्रश्न सुटले. पाच वर्षांच्या आतल्या पोराला तिकीटही लागत नाही.

मेढा_मार्गे
आणि साताऱ्याचं स्टेशन माहुलीच्या बाजूला, गावाबाहेर. तिथून पोरं आणि बदक घेऊन रिक्षाने स्टँडवर यायचं का? शिवाय घाट साताऱ्याच्या पुढे आहे, तिथं कोयना जात नाही.

मिरज_जंक्शन
रिक्षाची पंधरा-वीस मिनिटं आणि एसटीचे तीन-चार तास, यातलं काय सोपं ते तुम्हीच ठरवा.

कृष्णाकाठची
रस्त्याचं भांडण थांबवून त्यांना उत्तर देऊ या का? माझ्या दोघांवर मी आठ वर्षं हेच केलंय. आपल्या कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग मेंदूला सांगतो की गाडी वळतेय. त्याच वेळी डोळे मोबाइलवर किंवा पुढच्या सीटच्या पाठीवर असले तर ते सांगतात की सगळं जागच्या जागी आहे. दोघांचा मेळ बसला नाही की पोटात ढवळतं. म्हणून पुढच्या चाकाच्या आसपासची, खिडकीची सीट घ्या. मागच्या सीटवर हेलकावे जास्त बसतात. लांबचा डोंगर बघायला सांगा. मोबाइल, चित्रांचं पुस्तक, रंगवायची वही, काही देऊ नका. निघण्याआधी दीड-दोन तास थोडं कोरडं खायला द्या, पोळीचा तुकडा किंवा साधी इडली. रिकाम्या पोटीही त्रास होतो आणि भरपेट दूध पिऊनही.
औषध द्यायचंच असेल तर उद्या पोरांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचारा. दुकानातून मोठ्यांची गोळी आणून अर्धी करून देऊ नका. त्यातल्या काही गोळ्या दोन वर्षांच्या आत चालत नाहीत.
आता तुम्ही सांगा, धाकटा केवढा आहे? कारण दोन वर्षांच्या आतल्या बाळांना गाडी सहसा लागत नाही.

हळदगल्ली
मोठी साडेपाच. धाकटा दोन वर्षं एक महिना. तो उलटी करत नाही, घाटात नुसता रडतो. बेंबीच्या देठापासून.

कृष्णाकाठची
मग सुरुवातीला ‘पोरं उलट्या करतात’ असं का लिहिलंत? हे दोन वेगळे त्रास आहेत. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे. चढताना बाहेरची हवा विरळ होते आणि कानात दडा बसतो. आपण आवंढा गिळून कान मोकळा करतो, लेकराला ते कळत नाही, म्हणून ते रडतं. घाट लागला की त्याला घोटघोट पाणी पाजत राहा. सर्दी असेल तर दडा जास्त बसतो, तेही बघा.

हळदगल्ली
हे कुणीच सांगितलं नव्हतं. आम्ही दर वेळी त्याला भूक लागली म्हणून केळं भरवायचो. धन्यवाद ताई.

कंडक्टरचा_पोरगा
तिकिटाचं कुणी बोललंच नाही, म्हणून सांगतो. एसटीत पाच वर्षं पूर्ण झाल्यापासून बारा वर्षांपर्यंत अर्धं तिकीट. म्हणजे मोठीचं अर्धं, धाकट्याचं काही नाही. वहिनींनाही अर्धं, १७ मार्च २०२३ पासून महिलांना सगळ्या एसटीत ५० टक्के सवलत आहे. आजी-आजोबा ७५ च्या पुढचे असतील तर त्यांना तिकीटच नाही, ओळखपत्र तेवढं जवळ ठेवा.

हळदगल्ली
तिकिटाची अडचण नाही. आणि वहिनी येणार नाहीयेत.

कृष्णाकाठची
म्हणजे? तुमच्याबरोबर दुसरं मोठं माणूस कोण?

हळदगल्ली
कुणी नाही. मी एकटाच दोघांना घेऊन जाणार. म्हणून तर विचारतोय.

कृष्णाकाठची
दादा, हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं!

हळदगल्ली
सांगतो. बायकोची सोमवारी परीक्षा आहे. नोकरी आणि दोन पोरं सांभाळून ती दोन वर्षं रात्री साडेदहानंतर अभ्यास करते, तोही स्वयंपाकघरात, कारण धाकट्याला दिवा दिसला की तो उठतो. मला तिला शनिवार-रविवार रिकामं घर द्यायचंय. माझी बहीण महाबळेश्वरला असते, तिच्याकडे पोरं रमतात. पण दोघांना घेऊन मी एकटा कधीच गेलो नाही. बायको म्हणते राहू दे, तुझ्याच्याने होणार नाही, निम्म्या रस्त्यातून फोन करशील. मला फोन करायचा नाहीये. तिला पोचल्याचा एकच फोन जायला हवा. कार नाही. आता सांगा.

वाईकर_आजोबा
पोरा, आधी सांगायचं. मग तू मेढ्यावरून जा. साताऱ्याहून जी गाडी आधी लागेल ती पकड, स्टँडवर ताटकळत बसू नकोस.

मेढा_मार्गे
आजोबांशी पहिल्यांदा सहमत.

कंडक्टरचा_पोरगा
चढल्या चढल्या कंडक्टरला सांगा की एकटा आहे, पोरीला गाडी लागते. बहुतेक जण पुढची सीट करून देतात. माझे वडील द्यायचे. बदक कॅरिअरवर टाकू नका, वळणाला खाली येतं. तोंडाला दोरी बांधलेल्या कापडी पिशवीत घालून पायांत ठेवा. पण बसल्यावर नाही, चढायच्या आधीच घाला, कारण दारात तुमचे दोन्ही हात पोरांना लागतील.

ओगलेवाडी_९०
एवढा पसारा कशाला? सरळ डायपर लावा.

कृष्णाकाठची
नुकती सवय लागलेल्या पोराला दोन दिवस डायपर लावला की पुढचे दोन महिने परत पहिल्यापासून.

ओगलेवाडी_९०
आमच्या तिघांना लावला, तिघं व्यवस्थित आहेत.

हळदगल्ली
डायपर तो स्वतः काढून टाकतो. एकदा मामाच्या लग्नात पंगतीत काढला होता, आणि वाढप्याच्या हातात दिला. तो विषय बंद. खायला भडंग घेतलंय, दोघांना आवडतं. चालेल ना?

कृष्णाकाठची
भडंग नको! दोन वर्षांच्या पोराला शेंगदाणा अजिबात नको, घशात अडकतो. आणि माझा अनुभव ऐका. धाकटा तीन वर्षांचा होता. सांगली-कराड गाडीत शांत बसून भडंग खात होता. इतका शांत कसा म्हणून बघितलं, तर शेंगदाणा नाकात. मी केसांचा आकडा काढला, शेजारची बाई म्हणाली तपकीर ओढायला द्या, मागून कुणी म्हणालं उलटा धरा. मी आकडा घातला आणि दाणा आणखी वर गेला. कराडला उतरून कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे पळाले, त्यांनी दोन मिनिटांत काढला. ते म्हणाले, बोट किंवा पिन कधीही घालायची नाही. मोकळी नाकपुडी बोटाने दाबून आईने किंवा बापाने पोराच्या तोंडाला तोंड लावून एक जोरात फुंकर मारायची, बऱ्याचदा वस्तू बाहेर पडते. नाही पडली तर डॉक्टर. आणि ती वस्तू घड्याळातली बटणासारखी बॅटरी असेल तर एक मिनिट थांबायचं नाही.

मिरज_जंक्शन
भडंगात लसूण जास्त घातला की ते चार दिवसांत सादळतं, असं आमची आई म्हणते. हे खरं आहे का?

मेढा_मार्गे
आलेपाक घ्या दादा. स्टँडवर मिळतो. आमच्या जिल्ह्याचं आलं आहे, मळमळ तिथंच थांबते.

ओगलेवाडी_९०
आलेपाकाने काही होत नाही. पोटावर वर्तमानपत्र ठेवा.

कृष्णाकाठची
आल्याने मळमळीला उतार पडतो. पण आलेपाक मोठीलाच द्या, तोही बोटाच्या पेराएवढा. धाकट्याला कडक वडी देऊ नका. प्लास्टिकच्या पिशव्या सहा घ्या, हातात असू द्या, बॅगेत नको. दोघांचा एकेक जादा कपडा घ्या आणि तुमचा स्वतःचा शर्ट. तो सगळे विसरतात.

हळदगल्ली (सोमवार, दुपारी १:०५)
सगळं सांगतो, कारण सगळ्यांनी मदत केली.
सांगली ते सातारा काही झालं नाही. कंडक्टरने पुढची सीट दिली. मोठी पेठ नाक्यापर्यंत डोंगर शोधत होती, दिसेना म्हणून रडली, मग उसाचे ट्रॅक्टर मोजायला सांगितले, ते तिने कराडपर्यंत मोजले. साताऱ्याला गाडी थांबली, आम्ही उतरलो आणि स्टँडवर स्थिर जमिनीवर उभं राहून तिने उलटी केली. घाट अजून यायचाच होता. पाहिलं तर आलेपाकाचं पाकीट रिकामं. सगळा तिनेच खाल्ला होता, प्रत्येक ट्रॅक्टरला एक याप्रमाणे. माझा जादा शर्ट कामाला आला.
पुढच्या गाडीत शेजारी एक आजी होत्या. मी पिशवीत वाकून बिस्किटं शोधत होतो, ताईंनी सांगितलेलं कानाचं आणि डोळ्यांचं गणित माझ्यावरच उलटलं आणि मला मळमळायला लागलं. आजींनी न विचारता धाकट्याला मांडीवर घेतलं आणि तो झोपला. मेढ्याच्या अलीकडे त्यांचं लुगडं ओलं झालं. मला काय बोलावं सुचेना. आजी म्हणाल्या, ‘लेकराचंच हाय, त्याला कसला इटाळ?’ आणि पदर खिडकीत वाळत धरला.
केळघर घाटात घोटघोट पाणी पाजलं. रडला नाही. एकदाही नाही. मोठीने उलटी केली नाही. महाबळेश्वरहून बायकोला एकच फोन केला, ‘पोचलो’ एवढंच सांगितलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली तीन धडे झाले. आज सकाळी पेपर देऊन आली, बरा गेला म्हणते.
आता नवीन अडचण, आणि तातडीची. मेढ्याला गाडी थांबली तेव्हा धाकट्याला बदकावर बसवलं, काम झालं, धुतलं, भिंतीवर निथळत ठेवलं. तेवढ्यात डबल बेल झाली. मी पोरं मोजली, दोन होती, चढलो. बदक भिंतीवर राहिलं. काल येताना गाडी वाईवरून मिळाली, त्यामुळे बघता आलं नाही. पिवळं आहे, चोच थोडी तुटकी. दुसरं आणून बघितलं, पाय ताठ करतो. शनिवार दुपारपासून त्याने काही केलेलं नाही. मेढ्याचं कुणी आहे का?

मेढा_मार्गे
मी आहे. संध्याकाळी स्टँडवर जातो.

कृष्णाकाठची
तोवर त्याला कोमट पाणी आणि भिजवलेल्या मनुकांचं पाणी द्या, बसण्याची जबरदस्ती करू नका. उद्या सकाळपर्यंत झालं नाही किंवा पोट फुगलं तर डॉक्टरांना दाखवा.

मेढा_मार्गे (सोमवार, संध्याकाळी ६:४०)
मिळालं. चहावाल्याने आत उचलून ठेवलं होतं, त्यात कोथिंबीर लावायचा त्याचा विचार होता. उद्या सकाळी मी साताऱ्याला येतोय. पुढे सांगलीपर्यंत कोण नेईल?

मिरज_जंक्शन
मी उद्या दुपारी साताऱ्याहून कोयनेने निघतोय. द्या माझ्याकडे. पण स्टँडवर नको, स्टेशनवर आणून द्या.