एका संगणकावर दोन ऑपरेटिंग सिस्टीम : काढता येणारी डिस्क हाच सुरक्षित मार्ग आहे का?

करवंद
एकाच संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही हवे असतील, तर ते एका डिस्कच्या दोन पार्टिशनांवर (विभागांवर) बसवू नयेत. प्रत्येकासाठी स्वतंत्र डिस्क घ्यावी, ती कॅबिनेटच्या दर्शनी भागात बसणाऱ्या ट्रेमध्ये ठेवावी आणि एका वेळी एकच डिस्क आत असावी, असे माझे ठाम मत आहे. जी डिस्क त्या क्षणी टेबलाच्या खणात आहे, तिच्यापर्यंत चुकीची आज्ञा पोहोचत नाही, फसलेले अपडेट पोहोचत नाही आणि फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअरही पोहोचत नाही.

दोन डिस्क घेऊन दोन्ही कायम जोडलेल्या ठेवणे पुरेसे आहे, असे अनेकांना वाटते. ते पुरेसे नाही. एका डिस्कवर ईएफआय सिस्टीम पार्टिशन (संगणक सुरू होताना लागणाऱ्या फाइलींचा छोटा विभाग) आधीपासून असेल, तर दुसऱ्या डिस्कवर विंडोज बसवतानाही त्याचा इन्स्टॉलर आपला बूटलोडर (ऑपरेटिंग सिस्टीम सुरू करणारा छोटा प्रोग्राम) पुष्कळदा त्या पहिल्या डिस्कवरच नेऊन ठेवतो. पुढे कधीतरी ती पहिली डिस्क काढली किंवा खराब झाली, की दुसरीवरचे धडधाकट विंडोजही सुरू होत नाही, आणि ज्याने ते बसवले त्याला कारण उमगत नाही. इन्स्टॉल करताना दुसरी डिस्क जागेवरच नसेल, तर हा गुंता निर्माणच होत नाही. लिनक्सवर डिस्कची जशीच्या तशी प्रत करणाऱ्या डीडी आज्ञेत डिस्कच्या नावातले एक अक्षर चुकले, तर भलतीच डिस्क पुसली जाते. तीही भीती उरत नाही.

उत्तररात्र
आपण सांगितलेले धोके खरे आहेत, परंतु त्यांवरचा उपाय मला कालबाह्य वाटतो. आज साधारण १६ जीबी मेमरी असलेल्या संगणकावर व्हर्च्युअलबॉक्स किंवा केव्हीएम हे सॉफ्टवेअर वापरून दुसरी ऑपरेटिंग सिस्टीम व्हर्च्युअल मशीन म्हणून, म्हणजे पहिलीच्याच आत एका खिडकीत चालवता येते, तिचे नेटवर्क एका खुणेने बंद करता येते आणि काही बिघडल्यास आधी घेतलेल्या स्नॅपशॉटवर (त्या वेळच्या स्थितीच्या जतन केलेल्या नोंदीवर) क्षणात परतता येते. डिस्क काढण्याघालण्यासाठी दर वेळी संगणक बंद करणारा माणूस हळूहळू कंटाळतो, एकच डिस्क वापरू लागतो आणि दुसरीवरची अपडेट महिनोन्‌महिने राहून जातात. अशी जुनाट राहिलेली सिस्टीम ज्या दिवशी इंटरनेटला जोडली जाते, त्या दिवशी ती सर्वांत असुरक्षित असते.

शिवाय जोडण्या झिजतात. संगणकात डिस्क मदरबोर्डला जोडणाऱ्या नेहमीच्या साटा केबलची जोडणी ५० वेळा काढण्याघालण्याच्या हिशेबाने केलेली असते, मदरबोर्डवरच थेट बसणाऱ्या एम.२ डिस्कची सुमारे ६० वेळा. रोज अदलाबदल करणाऱ्याने हे आकडे लक्षात घ्यावेत.

करवंद
झिजेचा मुद्दा केबल उपसून काढणाऱ्यांना लागू होतो. ट्रेच्या मागे असलेली बॅकप्लेन पद्धतीची (केबलऐवजी डिस्क थेट सरकवून बसवायची) जोडणी ५०० वेळांसाठी आखलेली असते, आणि तीही वाचवायची असेल तर प्रत्येक डिस्कचा वीजपुरवठा वेगळा तोडणारी बटणांची पट्टी मिळते. डिस्क जागेवरच राहते, फक्त तिला वीज मिळत नाही. एम.२ डिस्क मात्र या कामासाठी मीही सुचवणार नाही.

व्हर्च्युअल मशीनबद्दल माझा आक्षेप मूलभूत आहे. पाहुणी (आत चालणारी) सिस्टीम कितीही बंदिस्त ठेवली, तरी तिची संपूर्ण डिस्क ही यजमान (मूळ) सिस्टीमवरची एक फाइलच असते. यजमानात रॅन्समवेअर शिरले, तर ती फाइल आणि तिचे सगळे स्नॅपशॉट एकदमच जातात.

सह्यकडा
दोघांच्याही युक्तिवादात मदरबोर्ड विसरला गेला आहे, आणि माझ्या मते चर्चेचा खरा गाभा तिथे आहे. डिस्क बदलल्या तरी फर्मवेअर (मदरबोर्डवरच्या चिपमधले, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर) तेच राहते. २०१८ मध्ये ईसेट या सायबरसुरक्षा कंपनीच्या संशोधकांनी उघडकीस आणलेले लोजॅक्स हे घातक सॉफ्टवेअर मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये ठाण मांडत असे. अशा वेळी खणातली स्वच्छ डिस्क आत सरकवणे म्हणजे तीही त्याच्या हवाली करणे होय.

असे हल्ले सामान्य घरात विरळ असतात हे मान्य, म्हणून अधिक रोजच्यातले उदाहरण देतो. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुने, सदोष बूटलोडर रोखण्यासाठी एसबॅट नावाची यादी फर्मवेअरमध्ये अद्ययावत केली. ज्या संगणकांवर विंडोजसोबत लिनक्सही आहे, त्यांना हे लागू होणार नाही असे मायक्रोसॉफ्टने सांगितले होते. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी लिनक्सची उपस्थिती ओळखली गेली नाही आणि सिक्युअर बूट (फक्त मान्यताप्राप्त बूटलोडरच चालू देणारी फर्मवेअरची सोय) चालू असताना जुन्या शिमवर, म्हणजे या सोयीसाठी लिनक्स वापरते त्या पहिल्या बूटलोडरवर, उभे असलेले लिनक्स सुरूच होईना. आता करवंद यांच्या मांडणीचा विचार करा. लिनक्सची डिस्क खणात असताना विंडोजला ती दिसण्याची शक्यताच नव्हती. म्हणजे या प्रसंगी डिस्क बाहेर ठेवल्याने संरक्षण मिळाले नसते, उलट फटका अधिक खात्रीने बसला असता.

करवंद
फटका बसला असता हे खरे, परंतु त्याचे स्वरूपही पाहावे. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करता येत होते, तिथून ती यादी पुसता येत होती आणि एकही फाइल गमवावी लागत नव्हती. मी ज्या सुरक्षिततेसाठी आग्रह धरतो ती विदेची (डेटाची) आहे. सिस्टीम सुरू न होणे ही अडचण आहे. पुसली गेलेली डिस्क हे नुकसान आहे, आणि या दोहोंना एकाच मापाने मोजणे मला पटत नाही.

मुळाक्षर
मी छपाईच्या अक्षरजुळणीचे काम करतो. युनिकोडच्या आधीच्या मराठी फाँटांमध्ये जुळवलेल्या, पेजमेकरमधल्या फाइली आजही पुनर्मुद्रणासाठी येतात, आणि पेजमेकरची शेवटची ७.० ही आवृत्ती २००१ मधली आहे. त्यासाठी विंडोज ७ जपून ठेवावेच लागते, जरी त्याचा आधार जानेवारी २०२० मध्ये संपला असला तरी. व्हर्च्युअल मशीनमध्ये जुन्या फाँट-सॉफ्टवेअरची डोंगल (परवाना तपासण्यासाठी संगणकाला जोडायची चावी) नीट ओळखली जात नाही असा माझा अनुभव असल्याने मी वेगळी डिस्कच वापरतो, आणि ती आत असताना नेटवर्कची केबल काढलेली असते. त्यामुळे उत्तररात्र म्हणतात तो अपडेटचा प्रश्न माझ्याबाबतीत उद्भवत नाही.

मात्र तिसऱ्या, सामाईक डिस्कविषयी इथे कोणीच बोललेले नाही. दोन्ही सिस्टीमना लागणाऱ्या फाइली जिथे ठेवतात ती डिस्क तर कायम जोडलेलीच असते.

सह्यकडा
फार महत्त्वाचे बोललात. विंडोज ८ पासून आलेले फास्ट स्टार्टअप चालू असेल, तर ‘शट डाउन’ केल्यावरही विंडोजचा गाभा पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर गोठवून ठेवलेली असते. मधल्या काळात लिनक्समधून सामाईक डिस्कवर काही लिहिले आणि नंतर विंडोज उठले, तर ते आपल्या जुन्या आठवणीप्रमाणे त्याच डिस्कवर लिहू लागते आणि फाइल सिस्टीम (डिस्कवरच्या फाइलींची मांडणी) बिघडू शकते. हे विदेचेच नुकसान आहे, करवंद, आणि तुमच्या ट्रेमुळे ते टळत नाही. डिस्क बदलण्याची सवय असलेल्याने फास्ट स्टार्टअप बंदच ठेवले पाहिजे.

उत्तररात्र
म्हणूनच माझा आग्रह व्हर्च्युअल मशीनसाठी आहे : तिथे सामाईक फोल्डरची फाइल सिस्टीम एकटा यजमान हाताळतो, त्यामुळे हा संघर्षच होत नाही. यजमानावरच्या रॅन्समवेअरचा धोका बॅकअपने सुटतो, आणि बॅकअपची डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी याबद्दल माझे करवंद यांच्याशी काहीच भांडण नाही.

करवंद
फास्ट स्टार्टअप बंद करणे मी आवश्यकच मानतो, आणि सामाईक डिस्कही त्याच ट्रेमध्ये, गरजेपुरतीच लावावी असे माझे म्हणणे आहे. परंतु जी काढून ठेवलेली डिस्क बॅकअपसाठी सुरक्षित ठरते, ती ऑपरेटिंग सिस्टीमसाठी कालबाह्य कशी ठरते, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.