व्यावसायिक ग्रुपमधल्या लोकांना न वैतागवता वॉल हँगिंगची ऑनलाइन जाहिरात कशी करावी?

सूतगुंडी (प्रश्न)

नमस्कार मंडळी. आमचं हातमागावरच्या वॉल हँगिंगचं छोटं काम आहे. डिझाइन आणि ग्राफ (चौकटींच्या कागदावर काढलेला विणीचा नमुना) आमचे, विणकाम सोलापूरच्या पूर्व भागातल्या दोन मागांवर होतं. जास्त करून 20 × 30 इंचाचे नग. आतापर्यंत प्रदर्शनं आणि ओळखीवर विक्री चालली, आता ऑनलाइन वाढवायची आहे. इंटिरियर डिझायनरांचे दोन व्हॉट्सॲप ग्रुप, टेक्स्टाइल डिझायनरांचा एक आणि हस्तकलावाल्यांचा एक, असे चार ग्रुप आहेत. प्रत्येक नव्या नगाचा फोटो तिथे टाकावा का? किंमत लिहावी का? सभासदांना वैयक्तिक मेसेज केलेला चालतो का? यातलेच लोक उद्या ऑर्डर देणार आहेत आणि अडलं-नडलं तर मदतही हेच करतात. त्यांना आमचं नाव दिसलं की कंटाळा यावा, असं होऊ द्यायचं नाही.

ॲडमिन_जुळे सोलापूर

चारही ग्रुपना एकच मेसेज पाठवू नका, मूळ घोळ तिथेच होतो. सोलापुरात निम्मी माणसं चारही ग्रुपवर तीच असतात. एकाच संध्याकाळी तोच फोटो चार वेळा दिसला की पाचव्यांदा कोणी उघडत नाही.

हस्तकला आणि टेक्स्टाइलवाले तुमचे गिऱ्हाईक नाहीत, ते तुमच्याच धंद्यातले आहेत. त्यांच्यापुढे तयार नग आणि किंमत ठेवली तर ती नुसती जाहिरात ठरते. तिथे कामाची गोष्ट टाका. उदाहरणार्थ, दोन रंग उभ्या रेषेत भेटतात तिथे बाणा (आडवं सूत) एकमेकांत अडकवला नाही तर फट पडते. ती फट तुमच्या विणकराने कशी बांधली, हे दाखवायला नगाच्या मागच्या बाजूचा जवळून फोटो टाका. लाल सूत धुण्यात पांढऱ्यावर उतरलं का, कोणत्या पाण्यात तपासलं, तेही लिहा. असा मेसेज लोक जपून ठेवतात, आणि तुमचं नाव त्यासोबत आपोआप राहतं.

इंटिरियरवाल्यांचं वेगळं. त्यांना क्लायंटसाठी माल हवा असतो, म्हणून माहिती अशी द्या: "हातमाग, सुती, 20 × 30 इंच, वर दांडीसाठी दोन इंचाची घडी, दोन रंग बदलून मिळतील, ऑर्डरपासून 25 दिवस, जीएसटी बिल मिळेल." एका पानाची पीडीएफ, तीही एकदाच. पुढे कोणी विचारलं तरच. ग्रुपचे नियम वर पिन केलेले असतात, ते आधी वाचा. नसतील तर ॲडमिनला विचारा. नव्या कामाचा मेसेज महिन्याला एक पुरे.

ग्रुपमधून नंबर उचलून मेसेज अजिबात करू नका. लोक ब्लॉक करतात, रिपोर्ट करतात, आणि रिपोर्ट वाढले की व्हॉट्सॲप नंबरच बंद करतं. कोणी ग्रुपवर चौकशी केली तर तिथेच दोन ओळीत उत्तर द्या आणि "तपशील वैयक्तिक पाठवू का?" असं विचारा. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी) 256 नंबर बसतात, पण मेसेज पोहोचतो तो तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच. म्हणून प्रदर्शनात कार्ड देताना नंबर सेव्ह करायला सांगा. तेवढे लोक आपणहून आलेले असतात, त्यांना नवीन नग बिनधास्त पाठवा.

धोटा

किमतीबद्दल सांगतो, कारण संबंध तुटतात ते याच्यावरून. इंटिरियर डिझायनर तुमचा नग क्लायंटला एका भावाने सांगतो. तोच नग क्लायंटला इन्स्टाग्रामवर त्याहून कमी किमतीत दिसला तर डिझायनर खोटा पडतो आणि तो पुन्हा तुमच्याकडे येत नाही. म्हणून किरकोळ किंमत सगळीकडे एकच ठेवा आणि डिझायनरांची सूट ग्रुपवर न लिहिता ज्याला त्याला कळवा. दुसऱ्याच्या पोस्टखाली कोणी भाव विचारला असेल तर आपला भाव तिथे टाकायचा नाही. स्वस्त असला तरी नाही.

दुसरं, हातमाग म्हणायचं तर हातमागच असायला हवा. सोलापुरात पॉवरलूमचा मालही आहे आणि त्यात कमीपणा काहीच नाही, पण त्या ग्रुपवरचे लोक काठ बघून ओळखतात. चादर आणि टेरी टॉवेल यांना सोलापूरच्या नावाने भौगोलिक मानांकन (जीआय, म्हणजे त्या गावच्या मालाची सरकारी ओळख) आहे. वॉल हँगिंग त्यात येत नाही, तेव्हा मानांकनाचा शिक्का फोटोवर लावू नका. विणकराला विचारून त्याचं नाव प्रत्येक पोस्टमध्ये लिहा, ग्राफ कुणाचा आणि विणकाम कुणाचं हे वेगवेगळं.

आणि हे फार जण विसरतात: डिझाइनची नोंदणी करायची असेल तर अर्ज आधी, फोटो नंतर. डिझाइन कायदा 2000 नुसार आधीच प्रसिद्ध झालेलं डिझाइन नोंदवता येत नाही, आणि ग्रुपवर किंवा इन्स्टाग्रामवर टाकलं की ते प्रसिद्ध झालं असं धरलं जाऊ शकतं. नोंदणी 10 वर्षांची असते, पुढे 5 वर्षं वाढवता येते. नोंदणी नसेल आणि तुमच्याच परवानगीने औद्योगिक पद्धतीने 50 पेक्षा जास्त नग निघाले, तर त्या डिझाइनवरचा कॉपीराइट संपतो. प्रत्येक नगासाठी हा खर्च करायची गरज नाही, पण जो नमुना वर्षानुवर्षं चालेल असं वाटतं त्याच्यासाठी जरूर करा.

कॅमेरा_होटगी रोड

फोटोबद्दल थोडं. रंग चुकला की माल परत येतो आणि मग ग्रुपवर बोलणं होतं. ट्यूबलाइट आणि फ्लॅश बंद करा, सकाळी खिडकीशेजारी सावलीत नग टांगा. शेजारी कोरा पांढरा कागद धरून एक फोटो काढा. त्या कागदावरून व्हाइट बॅलन्स (रंग खरे दिसण्याची सेटिंग) ठरवा आणि तोच बाकीच्या फोटोंना लावा. चारच फोटो: पूर्ण समोरून, विणीचा जवळून, मागची बाजू, आणि भिंतीवर खुर्चीशेजारी लावलेला, म्हणजे आकार कळतो. व्हॉट्सॲप फोटो दाबून पाठवतं, त्यामुळे डिझायनरला मूळ फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

इन्स्टाग्रामवर वीस डिझायनरांना टॅग करणं बंदच करा, प्रत्येकाला नाहक नोटिफिकेशन जातं. ज्याने सजवलेल्या घरात तुमचं काम लागलं त्याला कोलॅबची विनंती पाठवा. त्याने मान्य केली की एकच पोस्ट दोघांच्या खात्यावर दिसते. घरमालकाची परवानगी मात्र त्याच्यामार्फत आधी घ्या, आणि पत्ता ओळखू येईल असं काही फोटोत ठेवू नका. कोणाला नग फुकट देऊन रील करून घेतली तर तिच्यावर "जाहिरात" असं स्पष्ट लिहायला सांगा. व्यवसायातल्यांना लपवलेली जाहिरात लगेच कळते.

सूतगुंडी

खूप आभार, नोंदणीचं आम्हाला माहीतच नव्हतं. आणखी एक विचारते. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत एक प्रदर्शन आहे, तिथे आमचा स्टॉल असणार. त्याची खबर तरी चारही ग्रुपवर टाकली तर चालेल की नाही?

ॲडमिन_जुळे सोलापूर

ती टाका की. प्रदर्शनाची खबर सगळ्यांच्याच उपयोगाची असते, आणि ग्रुपमधल्या इतरांचेही स्टॉल असतील तर सगळ्यांचे मिळून एकच मेसेज करा, ॲडमिन लोक उलट खूश होतील. आठ दिवस आधी, एकदाच. तारीख, वेळ, जागा, स्टॉल नंबर आणि पार्किंग कुठे, एवढंच लिहा. यात्रेच्या गर्दीत पार्किंगचंच लोक आधी विचारतात. आठवण म्हणून पुन्हा ग्रुपवर टाकू नका, ती स्टेटसला ठेवा. स्टेटस 24 तास राहतं आणि दोघांकडे एकमेकांचा नंबर सेव्ह असेल तरच दिसतं, तेव्हा उगाच कोणाला त्रास नाही.