पाऊस संपत आलाय, घरातल्या कुंड्या कुठे हलवू? (चेंबूर, दक्षिणेची खिडकी)

कुंडीवाली:
नमस्कार मंडळी. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट आहे. हॉलची मोठी खिडकी दक्षिणेला, तिला बॉक्स ग्रिल. स्वयंपाकघराची छोटी खिडकी उत्तरेला. गच्चीवर कुंड्या ठेवायला सोसायटीची परवानगी नाही. घरात सिंगोनियम, मनीप्लांट, पीस लिली आणि जेड. ग्रिलमध्ये तुळस आणि अडेनियम.

जुलैपासून सिंगोनियम नुसतंच लांबत चाललंय, दोन पानांत वीतभर अंतर. जेडची नवी पानं फिकी, पातळ. दक्षिणेची खिडकी म्हणजे ऊनच ऊन असं ऐकून होते, मग हे असं का? आता ऊन पडायला लागलंय तर सगळं उचलून ग्रिलमध्ये ठेवू का? आणि व्हिडिओत सांगतात तसा हिवाळ्यासाठी ग्रो लाइट (झाडांना प्रकाश देणारा दिवा) घ्यावा का?

लोकलबाग:
ग्रिलमध्ये एकदम नको हं ताई. ऑक्टोबरचं ऊन पानं करपवतं. पीस लिली तर अजिबात नको.

सावलीमोज्या:
ग्रो लाइटवाले व्हिडिओ बहुतेक थंड देशांतले असतात. लंडनला डिसेंबरात दिवस जेमतेम आठ तासांचा. आपल्याकडे सर्वात लहान दिवस साधारण ११ तासांचा आणि सर्वात मोठा सव्वातेरा तासांचा. एवढ्याशा फरकाने मनीप्लांटचं काही बिघडत नाही. मुंबईत खऱ्या बदलतात त्या दोन गोष्टी: सूर्य कुठल्या बाजूने जातो आणि आभाळ किती दाटतं.

मुंबई १९ अंश उत्तरेला. मेच्या मध्यावर आपल्याकडे शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि पुन्हा जुलैच्या शेवटी. या दोन दिवसांच्या मधल्या काळात सूर्य दिवसभर उत्तरेच्या बाजूनेच जातो, अगदी उगवल्यापासून मावळेपर्यंत. त्या काळात दक्षिणेच्या खिडकीत थेट उन्हाचा एक कवडसाही येत नाही. त्यात जूनपासून ढग. म्हणजे तुमच्या हॉलला दोन्हीकडून मार. सिंगोनियम लांबलं ते त्यामुळेच. उलट मे महिन्यात तुमच्या स्वयंपाकघराच्या ओट्यावर सकाळ-संध्याकाळ ऊन येत असणार, समोर इमारत नसेल तर. बघा एकदा.

डिसेंबरात सगळं उलटं. भर दुपारीही सूर्य दक्षिणेला, क्षितिजापासून ४७-४८ अंशांवरच. तिरकं ऊन छज्जाखालून थेट हॉलमध्ये शिरतं, फरशीवर लांबपर्यंत. हिवाळ्यात तुमच्या घरी उजेड कमी पडायचा प्रश्नच नाही, झाला तर जास्तच होईल. पीस लिली आणि सिंगोनियम तेव्हा खिडकीपासून मागे घ्या, नाहीतर पातळ पडदा लावा. जेड मात्र पुढे राहू दे.

आत्ताचं सांगायचं तर: पावसाळ्यात अंधारात वाढलेली पानं कोवळी असतात. जेड आधी काचेच्या आत, मग ग्रिलमध्ये फक्त सकाळी नऊपर्यंत, मग हळूहळू वाढवत न्या. तीन-चार आठवडे लागू देत. पानावर पांढरट, कागदासारखा डाग दिसला की दोन पावलं मागे. तो डाग पुन्हा हिरवा होत नाही. सिंगोनियमचा लांबलेला दांडाही आखूड होत नसतो. पेऱ्याच्या (पान फुटतं त्या गाठीच्या) वर छाटा, शेंड्याकडचा भाग पेऱ्यासकट पाण्यात ठेवा, मुळं फुटतील.

अडेनियमप्रेमी:
+१. अडेनियमला मात्र लाड नको, ते ग्रिलमध्येच बरं. थंडीत पानं गाळली तर घाबरून पाणी ओतू नका, मुळाकडचा फुगीर भाग सडतो. तुळशीलाही हिवाळ्यातलं दक्षिणेचं ऊन मानवतं, मंजिऱ्या खुडत राहा.

दादरचा_दिवा:
ग्रो लाइट घ्यायचाच तर हिवाळ्यासाठी नाही, जून ते सप्टेंबरसाठी घ्या. जांभळा प्रकाश टाकणारे महागडे दिवे लागत नाहीत. साधा पांढरा एलईडी, ६५०० केल्विनचा, लोहार चाळीत कुठेही मिळतो. झाडाच्या डोक्यावर फूटभर उंचीवर टांगा, १० ते १२ तास. टायमरचा प्लग लावला की रोज बटण दाबायची कटकट नाही. छताचा दिवा काही कामाचा नाही: बल्बचं अंतर दुप्पट केलं की प्रकाश चौथाईवर येतो.

लोकलबाग:
मला दिव्याची भानगड पटत नाही. जागेप्रमाणे झाड निवडावं. अंधाऱ्या कोपऱ्यात स्नेक प्लांट ठेवा आणि विसरून जा. आणि उजेड कमी तसं पाणीही कमी, हे कोणीच लिहिलं नाही. पावसाळ्यात घरातली कुंडी आठवडाभर ओली राहते. बोट दोन पेरं खुपसून बघा आणि माती कोरडी लागली तरच पाणी घाला.

कुंडीवाली:
सगळ्यांचे आभार. ओट्यावरच्या उन्हाचं अगदी खरं आहे, मे महिन्यात मसाल्याचे डबे तापतात! मोबाईलमधल्या लक्स मीटरने (उजेड मोजणाऱ्या ॲपने) आज दुपारी मोजलं. खिडकीच्या कट्ट्यावर ९,०००, टीव्हीशेजारी ११०. पीस लिली टीव्हीशेजारीच आहे. मला तर तिथे छान उजेड वाटतो.

सावलीमोज्या:
डोळे फसवतात, अंधुक उजेडाला लगेच सरावतात. मोबाईलचे आकडे अचूक नसतात, पण एका जागेची दुसरीशी तुलना करायला पुरतात. मीटर नसेल तर पांढरा कागद ठेवून फूटभर वर हात धरा. बोटं सुटी दिसतील अशी ठळक सावली पडली तर उजेड भरपूर, नुसता धूसर ठिपका पडला तर मध्यम. काहीच दिसलं नाही तर तिथे झाड फक्त तग धरतं. ११० म्हणजे तेच. लिली खिडकीपासून चार-पाच फुटांवर आणा.

मुलुंडची_मोगरी:
मध्येच विचारते, आमच्या इमारतीला दुरुस्तीसाठी परांची बांधून हिरवी जाळी लावली आहे, मार्चपर्यंत राहणार म्हणे. मोगऱ्याचं काय करू?

दादरचा_दिवा:
मोगऱ्याला थेट ऊनच लागतं, दिव्यावर भागणार नाही. कोणा नातेवाइकाच्या गॅलरीत धाडा. आणि घरात जी झाडं राहतील त्यांच्यासाठी मार्चपर्यंत पावसाळाच आहे असं धरून चाला. शिवाय जाळीतून सिमेंटची धूळ येते, पानं ओल्या फडक्याने पुसत राहा.