'दुष्ट ग्रह' नको, मग काय?

अर्धी रात्र:
एका दिवाळी अंकाला विज्ञानकथा दिली होती. कथेतला ग्रह आपल्या सूर्याभोवती नीट फिरत असतो. दोन थोरली, गुरूएवढी भावंडं एकमेकांच्या फार जवळ येतात, त्यांच्या ओढाताणीत हा धाकटा कक्षेबाहेर भिरकावला जातो आणि ताऱ्यांमधल्या काळोखात एकटाच चालू लागतो. असे ग्रह खरोखरच असतात. इंग्रजीत त्यांना 'रोग प्लॅनेट' म्हणतात, पण देवनागरीत तसं लिहिलं की ग्रहाला कावीळ झाल्यासारखं वाटतं. म्हणून मी 'उनाड ग्रह' लिहिलं.

प्रुफं आली तर सत्तावीस ठिकाणी 'दुष्ट ग्रह'. संपादकांचं म्हणणं, कोशात त्या इंग्रजी शब्दाला दुष्ट, लबाड असेच अर्थ आहेत, आणि 'उनाड' बालसाहित्यात शोभतं. घरी आईनं प्रुफं चाळली आणि विचारलं, "शनीवर लिहिलंयस का रे?"

तर दोन प्रश्न. निवेदकानं या ग्रहाला काय म्हणावं? आणि त्या ग्रहावर, बर्फाखालच्या समुद्रात, माणसांसारखं कोणीतरी राहतं. त्यांनी सूर्य कधी पाहिलेलाच नाही. ते आपल्या ग्रहाला काय म्हणतील?

तळटीप:
आईंचं बरोबर आहे. दुष्ट ग्रह, पापग्रह, वक्री ग्रह ही सगळी वस्ती ज्योतिषांनी केव्हाच बळकावली आहे. 'भटका ग्रह' सुचवणारे आता येतीलच, म्हणून आधीच सांगून ठेवतो: 'प्लॅनेट'चं ग्रीक मूळच 'भटक्या' अशा अर्थाचं आहे. म्हणजे 'भटका भटक्या' होईल. आपला 'ग्रह' मात्र धरणे, पकडणे या धातूतला. ग्रहण, संग्रह, दुराग्रह सगळे त्याच घरातले. जो कुणाच्याच धरबंदात नाही त्याला ग्रह म्हणायचं का, इथूनच सुरुवात आहे.

दुर्बीण गहाण:
तो वाद खगोलवाल्यांतही आहे. प्लुटोला बाहेर काढणारी २००६ ची व्याख्या फक्त आपल्या सूर्यमालेपुरती. उघड्यावरच्यांचं काय, यावर एकमत नाही. शिवाय सगळेच काही फेकलेले नसतात. काही ताऱ्यासारखे वायूच्या ढगातून थेट जमतात, फक्त तारा व्हायला वजन कमी पडतं. २०१३ साली सापडलेला पीएसओ जे३१८.५-२२ घ्या (नाव आहे की गाडीचा नंबर!). आपल्यापासून साधारण ८० प्रकाशवर्षांवर, गुरूच्या कित्येक पट जड, वयानं अगदी कोवळा. जन्माची ऊब अजून अंगात आहे, म्हणून अवरक्त प्रकाशात दिसला.

थंड झालेले असे दिसतच नाहीत. ते सापडतात दुसऱ्याच्या उजेडावर. मागच्या एखाद्या ताऱ्यासमोरून ग्रह सरकला की त्याच्या गुरुत्वानं ताऱ्याचा प्रकाश वाकतो आणि तारा थोडा वेळ जास्त उजळ दिसतो. पोलंडच्या शास्त्रज्ञांच्या ओगल प्रकल्पानं २०२० साली असा एक प्रसंग जाहीर केला, त्याचा काळ जेमतेम ४२ मिनिटांचा. ग्रह मंगळ ते पृथ्वी यांच्या दरम्यानच्या वजनाचा असावा. ४२ मिनिटं दुसऱ्याचा दिवा मोठा करून गेला, स्वतः दिसलाच नाही, आणि पुन्हा गाठ पडायची आशा नाही. कथा हवी तर ही घ्या.

२०२३ च्या एका अंदाजानुसार आकाशगंगेत एकेका ताऱ्यामागे असे वीसेक ग्रह असावेत. एवढी मोठी जमात असेल तर उनाड कुणी कुणाला म्हणायचं? माझं मत 'मुक्त ग्रह'. गुरुत्वाच्या पकडीतून सुटायला लागणारा वेग तो मुक्तिवेग, हा शब्द आपल्याकडे आहेच.

शुद्धमती:
'मुक्त' म्हटलं की मुक्तछंद आठवतो. 'स्वैरग्रह' घ्या. सुटसुटीत आहे, तत्सम आहे, पुढे समास करता येतात. 'स्वैरग्रहीय जीवसृष्टी' असं सहज लिहिता येतं. 'उनाडग्रहीय' लिहून बघा जरा.

एडिसनकर नाना:
स्वैर म्हणजे आपल्या मर्जीनं वागणारा. याला कुणी मर्जी विचारली होती? आमच्या मुलानं शाळेत या ग्रहांवर तक्ता केला, तेव्हा सातारला आजीला फोनवर समजावताना मी 'घर सोडलेला ग्रह' म्हणालो. आजी म्हणाली, "संन्यासी म्हण की मग."

खानदेशची:
एवढा वेळ कुणालाच आठवू नये? ओढाळ!

आजोळी आमची ढवळी गाय होती. गुराख्याचा डोळा चुकवून कळपातून निघायची ती थेट कुणाच्या तरी ज्वारीत. आजोबांनी तिच्या गळ्यात लोढणं बांधलं, बाभळीचा हातभर ओंडका, पळायला लागली की पुढच्या पायांवर आपटेल असा. ती लोढण्यासकट गेली. शेवटी कोंडवाड्यात सापडली, दंड भरून आणावी लागली. 'वढाय' हा शब्द मला त्या गायीनं शिकवला, बहिणाबाईंचं वढाय मन शाळेत नंतर आलं. आता बघा, ग्रहानं कळप सोडला तर ओढाळ. दुसऱ्या एखाद्या ताऱ्यानं धरून ठेवला तर कोंडवाडा. जाताना चंद्र सोबत नेला असेल तर ते लोढणं. सगळा संसार तयार आहे आणि तुम्ही तत्सम काय शोधताय!

तळटीप:
गोष्ट झकास, पण ओढाळ गुराला ओढ असते ती उभ्या पिकाची. याच्यासमोर कुठलं पीक? प्रकाशवर्षंच्या प्रकाशवर्षं पडीक रान.

खानदेशची:
तळटीपदादा, तो आपल्याला सापडतो तोच मुळी त्याच्या ओढीमुळे, वर दुर्बीणकाकांनी लिहिलंय. केसाळ म्हणजे केस भरपूर असलेला, दुधाळ म्हणजे दूध भरपूर देणारी, तसा ओढाळ म्हणजे ओढ भरपूर असलेला. गुरूच्या कित्येक पट जड ग्रहाला याहून नेमकं काय म्हणाल?

तळटीप:
व्युत्पत्ती यमकावर ठरत नाही.

खानदेशची:
मग कशावर ठरते, पुण्यावर?

दोडामार्गवाली:
भांडू नका. इंग्रजीत 'रोग' हा शब्द आधी हत्तीला चिकटला, मग ग्रहाला, आणि हत्तींचं आम्हाला विचारा. २००२ पासून कर्नाटकातून हत्ती उतरतायत आमच्याकडे. केळी, माड, भातशेती, काही शिल्लक ठेवत नाहीत. "एकटो हत्ती वायट," असं बाबा अजून म्हणतात. पण एकटा का झाला? हत्तींचा कळप बायकांचा. नर वयात आला की त्याला बाहेरची वाट धरावी लागते. मग तो माणसाच्या बागेत शिरला की बातमीत 'टस्कराचा धुमाकूळ'. नुकसान आम्ही सोसलंय, त्यामुळे मी हत्तीची वकिली करत नाहीये. पण बदमाश हा शब्द नुकसान झालेल्याच्या तोंडचा आहे. ग्रहानं तुमच्या माडाचं काय केलं?

पालावरून:
इतके दिवस नुसता वाचत होतो. हे वाचून लिहावंसं वाटलं.

१८७१ साली इंग्रजांनी कायदा करून काही जमातींना जन्मानंच गुन्हेगार ठरवायची सोय केली. माझे आजोबा सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये तारेच्या कुंपणाआत वाढले. रोज हजेरी. गावाबाहेर पाऊल टाकायचं तर पास. १९५२ मध्ये कायदा गेला, ३१ ऑगस्ट आम्ही विमुक्त दिन म्हणून पाळतो. आता ज्याला घरातून हाकललं, किंवा ज्याला घर नव्हतंच, त्याला इंग्रजी भाषा पहिल्या दिवसापासून 'रोग' म्हणते. संपादक त्याचं 'दुष्ट' करतात. मला तर हजेरीचं रजिस्टरच दिसलं.

'भटका' म्हणायला माझी हरकत नाही. आम्ही तो शब्द मान खाली घालून वापरत नाही. 'मुक्त' मात्र विचार करून वापरा. कागदावर 'विमुक्त' झालो म्हणून पोलीस दारात यायचे थांबले नव्हते.

अर्धी रात्र:
हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. 'उनाड' लिहितानाही मी दोष त्याच्याच माथी मारत होतो की.

शुद्धमती:
पालावरून, पटलं. तरी 'स्वैर'मध्ये दोष दिसत नाही मला.

एडिसनकर नाना:
शुद्धमतीताई, 'स्वैरिणी' हा शब्द कुणाला लावत आले तेवढं बघा.

शुद्धमती:
ठीक. 'पोरका ग्रह'?

दुर्बीण गहाण:
पोरका म्हणजे ज्याचे आईबाप गेले तो. इथे बाप मजेत तळपतोय, उरलेली पोरं त्याच्याभोवती फिरतायत. ढगातून थेट जमलेले तर पोरकेही नाहीत, त्यांना आईबाप नव्हतेच. २०२५ च्या ऑक्टोबरात अशाच एका सुट्या ग्रहाची बातमी होती, चा ११०७-७६२६. आपल्यापासून सुमारे ६२० प्रकाशवर्षांवर. भोवतालचा वायू आणि धूळ सेकंदाला सहा अब्ज टन या वेगानं गिळत होता. पोरकं पोर एवढं खात नाही.

अवांतर: तारेही असे फेकले जातात, त्यांना वेगळा शब्द लागेल. सारथी समूहातला एई आणि कपोतातला म्यू हे दोन तारे मृग नक्षत्रातल्या एकाच जागेहून सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघाले आणि बरोबर उलट्या दिशांना पळतायत. वाटणीवरून भांडलेल्या भावांसारखे. भुजंगधारीतल्या झीटाची गोष्ट वेगळी. त्याचा जोडीदार फुटला असावा आणि गोफणीची दोरी सुटावी तसा हा सुटला. समोरचा वायू ढकलत चाललाय, नावेच्या नाळेपुढे लाट उठते तशी कमान त्याच्यापुढे दिसते. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे २०१९ मध्ये जाहीर झालेला एस५-एचव्हीएस१. आकाशगंगेच्या मधल्या कृष्णविवरानं ५० लाख वर्षांपूर्वी भिरकावलेला, वेग सेकंदाला १,७०० किलोमीटरहून जास्त. हा आकाशगंगाच सोडून जाणार. अशांना काय म्हणायचं?

खानदेशची:
गोफणगुंडा!

एडिसनकर नाना:
सुसाट तारा.

तळटीप:
परागंदा तारा. गाव सोडून, देश सोडून गेलेला. दुष्काळात रयत परागंदा व्हायची, तसा.

शुद्धमती:
छान आहे. परा अधिक गम्, दूर गेलेला. बघा, तत्सम शेवटी कामाला आलंच.

तळटीप:
फारसी आहे, ताई. परागंदा म्हणजे पांगलेला, विखुरलेला.

शुद्धमती:
मग नको. फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश कशासाठी करवून घेतला होता महाराजांनी?

तळटीप:
त्या कोशानं सुचवलेले किती शब्द आज तुमच्या तोंडी आहेत आणि 'शिल्लक', 'हजर', 'जमीन' किती आहेत ते मोजा. शब्द कमिटीत जन्मला तरी रुजतो बाहेर. कृष्णविवरच घ्या. १९७४ साली नारळीकरांनी मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला टोपणनावानं कथा पाठवली, नाव 'कृष्णविवर'. पहिलं बक्षीस. पुढे त्यांच्या कथा वाचून शाळकरी पोरं तो शब्द बोलायला लागली. परिभाषा मंडळाची पुस्तिका वाचून नव्हे.

शुद्धमती:
पण कृष्णविवर तत्समच आहे. तुम्ही माझीच बाजू मांडलीत. धन्यवाद.

एडिसनकर नाना:
हलकेच घ्या, पण पळपुटा तारा का नको?

तळटीप:
दुसऱ्या बाजीरावाला एकदा चिकटला तेवढा पुरे. तो पळपुटा होता का, यावर वेगळा धागा काढा, इथे नको.

(यानंतर दुसऱ्या बाजीरावावर अकरा प्रतिसाद आले. ते वेगळ्या धाग्यात हलवले आहेत. — संपादन)

अर्धी रात्र:
मंडळी, संपादकांचा फोन आला होता. 'दुष्ट' काढायला तयार आहेत, पण उद्या दुपारी बारापर्यंत एक शब्द कळवा म्हणाले. आणि कथेतल्या लोकांच्या शब्दाचं कुणीच बोललं नाही.

दुर्बीण गहाण:
त्या लोकांना आधी ऊब द्या, नाव मग. १९९९ साली ग्रहशास्त्रज्ञ स्टीव्हन्सन यांनी 'नेचर' या विज्ञानपत्रिकेत मांडलं होतं की फेकलेल्या ग्रहाभोवती हायड्रोजनचं जाड पांघरूण टिकलं, तर पोटातल्या किरणोत्सारी उष्णतेवरही पृष्ठभागावर पाणी पातळ राहू शकेल. बर्फाखालचा समुद्र त्यापेक्षा सोपा. सोबत मोठा चंद्र असेल तर भरतीच्या पिळवटणुकीनं आणखी ऊब मिळेल.

दोडामार्गवाली:
ते लोक ग्रहाला काहीच म्हणणार नाहीत. दुसरा ग्रह माहीत असेल तर याला नाव लागेल ना? आमच्या वाडीत एकच विहीर होती तोवर ती नुसती विहीर. दुसरी खणली त्या वर्षी पहिलीला नाव पडलं. बर्फाला मात्र 'छत' म्हणतील.

खानदेशची:
म्हणजे चंद्र लोढणंच, पण ऊब देणारं. मला हे फारच आवडलं.

तळटीप:
लोढणं ऊब देत नाही, गुडघे फोडतं.

खानदेशची:
तुमच्याकडे फोडत असेल. आमच्याकडे कातड्यात गुंडाळून बांधायचे.

पालावरून:
गुंडाळलेलं लोढणं मी कुठेच पाहिलेलं नाही. आमच्या म्हशीला नुसती काठी असायची आडवी, तिलाही लोढणंच म्हणायचो.

एडिसनकर नाना:
आडव्या काठीला वेगळा शब्द आहे. आजी म्हणायची, जिभेवर आहे अगदी. रात्री सातारला फोन करून विचारतो.

अर्धी रात्र:
बारापर्यंत हो.

खानदेशची:
विदर्भातलं कुणी आहे का इथे? तुमच्याकडे लोढण्याला काय म्हणतात?