बुटांची खरडपट्टी: काळ्या मातीसाठी दाराशी काय बसवावं?

पडवी (प्रश्न)

परभणी जिल्ह्यात भारी काळ्या रानाला लागून घर आहे. जोत्याला दोन पायऱ्या, पायऱ्या आणि ओटा शहाबादी फरशीचा. पावसाळ्यात गमबूट, मुलांचे शाळेचे बूट, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चपला, सगळ्यांच्या तळाला दोन-दोन इंच गारा चिकटून येतो. बाजारात तीन ब्रशांचा प्लॅस्टिकचा स्टँड मिळतो (एक ब्रश खाली, दोन बाजूंना), तो वापरून पाहिला. चार जोड्या झाल्या की ब्रशचंच ढेकूळ होतं, आणि बूट ओढला की स्टँड पायाबरोबर उचलून येतो.

कायमचं काहीतरी करून घ्यायचं आहे. लोखंडी पट्टी बरी की ब्रश? कुठे बसवायची, किती उंच? घरात सत्तरीच्या आई आणि सात वर्षांचा मुलगा आहे, दोघांनाही वापरता यायला हवी. पायरीवरची शहाबादी न फोडता बसवता येईल का?

वापसा

ब्रश तुमच्या मातीसाठी नाहीच, निदान पहिल्या फेरीला तरी नाही. काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट जातीची चिकणमाती भरपूर असते. ती पाणी धरून फुगते आणि एका ठरावीक ओलाव्याला सगळ्यात जास्त चिकटते. अगदी पातळ चिखल झाला तर ओघळून जातो, पूर्ण वाळला तर आकसून तडकतो आणि आपोआप सुटतो. मधली अवस्था वाईट, म्हणजे पाऊस उघडून दोन-तीन दिवस झालेत पण रानाला अजून वापसा (मशागतीजोगा ओलावा) आलेला नाही, तेव्हाची. त्या वेळी ब्रशचे केस मातीत रुततात आणि माती केसांच्या बुडाशी जाऊन बसते. मग तुम्ही बूट मातीवरच घासत असता.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी लोखंडी पट्टीवर जाड थर कापून काढायचा, मग बूट पडवीत वाळू द्यायचे, राहिलेलं सकाळी कोरड्या ब्रशने. लगेच घालायचे असतील तरच पाणी. आणि पाणी घ्यायचंच तर भरपूर घ्या. अर्धवट ओल्या फडक्याने पुसलं की तळाची माती वरच्या कापडावर जाते, एवढंच होतं.

सूत_दोरी

वरच्याशी सहमत. आता वेल्डरकडे काय सांगायचं ते मापासकट लिहितो.

पट्टी: दीड इंच रुंद, दोन सूत (पाव इंच) जाड एमएस (साध्या पोलादाची) पट्टी, लांबी १२ इंच, उभी ठेवायची म्हणजे दोन सुताची कड वर येईल. वरची कड जमिनीपासून ४ इंचांवर. खाली अडीच इंच मोकळं राहतं, तिथून पडलेली माती खुरप्याने ओढून घेता येते. हे मोकळं अंतर फार महत्त्वाचं आहे. पट्टी जमिनीलगत ठेवली तर दोन दिवसांत खाली मातीचा बांध होतो आणि बूट पट्टीला न लागता त्या बांधावरच घसरतो.

पाय: दोन्ही टोकांना त्याच पट्टीचे ६ इंची उभे तुकडे. म्हणजे ते खरवडायच्या कडेच्या वर २ इंच निघतात. बुटाच्या बाजू त्यांच्या आतल्या कडेवर घासायच्या. त्यांची वरची टोकं बाहेर वळवून गोल करायला सांगा, नाहीतर कुणीतरी अडखळून पडलं तर नडगी फुटेल.

धार: कात्रीने कापलेल्या पट्टीच्या कडेला बारीक कंगोरे राहतात. ते रबर आणि शिलाई दोन्ही फाडतात. ग्राइंडर एकदा हलका फिरवून धार बोथट करायची, पण कड पार गोल करू नका. गोल कडेवरून काळी माती कापली जात नाही, नुसती पसरते.

हाताला आधार: आई वापरणार असतील तर हा भाग टाळू नका. एका पायावर उभं राहून दुसरा पाय ओढताना तोल जातो. भिंतीकडचा पाय पट्टीऐवजी १ इंची पाइपचा करा, ३४ इंचांपर्यंत वर न्या आणि तिथे मुठीत धरण्यापुरता आडवा वळवा. पाइपाचं वरचं तोंड झाका, उघड्या तोंडातून पावसाचं पाणी आत जाऊन पाइप आतून गंजतो.

बैठक: दोन स्वतंत्र प्लेटा, प्रत्येकी ४ × ६ इंच, दोन सूत जाड. एकच लांब प्लेट मारू नका, तिच्यावर माती साचते आणि खुरपं अडकतं.

हे सगळं मिळून वजन पाच-साडेपाच किलो भरतं. फॅब्रिकेटर किलोवर दर लावतो, त्यामुळे वजन आधी माहीत असलेलं बरं. रंगाला रेड ऑक्साइडचा (गंजरोधक अस्तराचा) एक हात आणि ऑइल पेंटचे दोन. खरवडायच्या कडेचा रंग आठवड्यात जाणारच, त्याची चिंता नको, वापरात ती कड घासून स्वच्छ राहते. गंजू नये म्हणून गाडीचं जळकं ऑइल फासायची सवय असते, ती इथे नको. ऑइल बुटाच्या तळाला लागून थेट शहाबादीवर उमटतं आणि तो डाग निघत नाही.

गावात कुळवाची जुनी पास (जमिनीत चालणारं लोखंडी पातं) किंवा गाडीच्या कमानीचा (स्प्रिंगचा) पाटा पडलेला असेल तर तो पट्टीपेक्षा टिकाऊ. मात्र ते पोलाद कडक असतं, साध्या रॉडने वेल्डिंग केलं की थंड होताना जोडाशेजारी तडा जातो. बोल्टनेच बसवा. आणि पासेची धार आधी घालवा.

ओळंबा

बसवण्याबद्दल. अंगणातल्या काळ्या मातीत खड्डा करून गाडायचा विचार असेल तर सोडा. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. फूटभर खोल काँक्रीटचा ठोकळा दोन वर्षांत तिरपा झालेला दिसेल. गाडायचंच तर दीड-दोन फूट काळी माती काढून मुरूम थरांनी ठोकून भरायचा आणि वर ठोकळा. त्यापेक्षा खालच्या पायरीच्या बाजूला, जोत्याच्या भिंतीलगत फरशीवर बसवणं सोपं.

शहाबादी न फोडता बसेल, पण आधी फरशी नाण्याने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला तर खाली माल भरलेला आहे. बद्द आवाज आला तर पोकळ आहे, तिथे फास्टनर आवळला की फरशी तडकते. जागा फरशीच्या कडेपासून निदान ३ इंच आत घ्या. दगडाच्या जाडीपर्यंत ड्रिल हॅमर बंद ठेवून हळू चालवायचं, खालचं काँक्रीट लागल्यावर हॅमर सुरू करायचा. १० मिमीचे, ७५ मिमी लांब अँकर फास्टनर (आवळले की भोकात फाकून बसणारे बोल्ट), प्रत्येक प्लेटला दोन. भोकातली भुकटी फुंकून काढा, नाहीतर फास्टनर पूर्ण उघडत नाही आणि महिन्याभरात प्लेट खुळखुळते. वर हाताच्या आधाराच्या दांड्याला (पाइपाला) भिंतीत एक क्लँप घाला, ओढण्याचा खरा ताण तोच घेतो.

दिशा: पट्टीचं एक टोक भिंतीकडे, म्हणजे बूट भिंतीला समांतर मागे-पुढे ओढला जाईल. पट्टीच्या दोन्ही बाजूंना १४-१५ इंच मोकळं हवं. दाराच्या सरळ वाटेत अजिबात नको, रात्री वीज गेल्यावर ती घातक. ब्रुसेल्समध्ये एकोणिसाव्या शतकातल्या घरांच्या दर्शनी भिंतीत दाराशेजारी छोटा कोनाडा करून त्यात अशी लोखंडी पट्टी बसवलेली अजून दिसते, वाटेत काही येतच नाही. नवीन जोतं बांधणाऱ्यांनी ही युक्ती उचलावी.

आणखी एक सुचवतो: पट्टीखालीच २४ × १८ इंचांचा, ६ इंच खोल हौद करून वर लोखंडी जाळी टाकली तर माती आत पडेल, अंगण स्वच्छ.

सूत_दोरी

@ओळंबा, बाकी सगळं पटलं, हौद पट्टीखाली नको. काळ्या मातीचे गोळे जाळीतून पडत नाहीत, वरच बसून राहतात, आणि पायाने रगडले की गाळे बुजतात. गाळे मोठे ठेवावेत तर मुलाची टाच अडकते. एक इंचापेक्षा जास्त ठेवताच येत नाहीत. हौद करा, पण बाजूला, बूट धुवायच्या नळाखाली. १ इंची अँगलची चौकट, त्यात तीन सुती सळया, मध्ये १ इंच अंतर, जाळी उचलता येईल अशी सुटी.

ओळंबा

मान्य, जागा बाजूलाच ठेवू. मग हौदाच्या तळाला उतार देऊन २ इंची पाइप अगदी तळाच्या पातळीत काढा, तोंडाला जाळी. पाइप वर ठेवला तर खाली पाणी राहतं आणि आठवडाभरात डासांच्या अळ्या होतात. पाइप फुलझाडांच्या वाफ्यात सोडा, नहाणीच्या ट्रॅपला (मोरीच्या वाकड्या पाइपाला) जोडू नका. चिकणमाती ट्रॅपच्या बाकात बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी कडक होते. हौदातली माती ओली उपसू नका, वाळू द्या. आकसून तिचे पापुद्रे सुटतात, हाताने उचलता येतात.

लाल_माती

कोकणातल्यांसाठी पुरवणी. आमच्याकडे जांभ्याची माती इतकी चिकटत नाही, ब्रशने निघते. त्रास डागाचा. मुलांचे पांढरे कॅनव्हास बूट तांबडे पडले की लोक ब्लीच घालतात. हा डाग लोहाचा आहे, ब्लीचने तो जात नाही, उलट पक्का होऊ शकतो. आधी वाळवून झाडा, साबणाने धुवा, मग डागावर लिंबाचा रस आणि मीठ लावून अर्धा तास उन्हात ठेवा आणि धुऊन टाका. किनाऱ्याजवळ साधी एमएस पट्टी खाऱ्या हवेत लवकर खलास होते. सगळं वेल्डिंग आटोपल्यावर गॅल्व्हनाइज (जस्ताचा मुलामा) करून घ्या. आधी गॅल्व्हनाइज केलेल्या पट्टीवर वेल्डिंग केलं तर जोडाजवळचं जस्त जळतं आणि गंज नेमका तिथून सुरू होतो. धूरही वाईट, उघड्यावरच करायला सांगा.

टाच_तळवा

बुटाकडूनही बघा. प्रत्येकच बूट पट्टीवर घासायचा नसतो.

गमबूट: बिनधास्त. फक्त तळ आणि वरचा भाग जिथे जोडलेला असतो ती कड पट्टीवर जोराने ओढू नका, तिथूनच पाणी आत शिरायला लागतं.

चामडी शाळेचे बूट: तळ पट्टीवर, बाजू फक्त ब्रशने. भिजले तर आत वर्तमानपत्राचे बोळे, तासाभराने बदलायचे, सावलीत पंख्याखाली. चुलीजवळ किंवा कडक उन्हात ठेवले की चामडं कडक होतं आणि तळाचं चिकटवण सुटतं.

स्पोर्ट्स शूज: यांचा तळ बऱ्याचदा हलक्या फोमचा असतो, लोखंडी कडेने त्याचे लचके निघतात. वाळवा, दोन बूट तळाला तळ लावून आपटा, बाकी ब्रश.

कोल्हापुरी: पट्टी नाही, पाणीही नाही. चामड्याच्याच वादीने शिवलेली असते, भिजली की वादी सैलावते. वाळल्यावर बोथट लाकडी काडीने खरवडा. खरं तर पावसाळ्यात ती वापरूच नये.

तळाच्या खोल खाचांत पट्टी पोचत नाही. दोन सुती सळईचा वीतभर तुकडा घेऊन एक टोक चपटं करा, किंचित वाकवा, आणि दांड्याला साखळीने लटकवा. साखळी नसेल तर ती सळई दुसऱ्या दिवशी गोठ्यात सापडते.

पडवी

सगळ्यांचे आभार, बरंच स्पष्ट झालं. दोन शंका. मुलाला ४ इंच उंची जास्त होईल का? आणि ब्रश बसवायचाच असेल तर कोणता, कुठे?

सूत_दोरी

सात वर्षांच्या मुलाला ३ इंच बरी, पण तेवढ्यासाठी मोठ्यांची पट्टी खाली आणू नका. समोर एक इंच जाडीचा शहाबादीचा तुकडा सिमेंटने बसवा, तो त्यावर उभा राहील. धरायला दांड्यावर २२ इंचांवर आणखी एक आडवी मूठ वेल्ड करून घ्या.

ब्रश पट्टीजवळ नको, वर ओट्यावर कोरड्या जागी, सकाळच्या फेरीसाठी. फरशी घासायच्या नायलॉन ब्रशची १० इंची दोन डोकी दांडा काढून घ्या, समोरासमोर उभी, केसांच्या टोकांमध्ये साडेतीन इंच अंतर ठेवून लाकडी फळीवर बसवा. बोल्ट २ सुती, विंग नटचे, म्हणजे केस झिजले की हातानेच बदलता येतील. काथ्याचा ब्रश पावसाळ्यात लवकर वाळत नाही. तारेचा घेऊच नका.

वापसा

ओट्यावर पायपुसणं काथ्याचं असेल तर दोन ठेवा, एक वापरात आणि एक वाळत. नाहीतर भोकांची रबरी मॅट, खाली जमलेली माती उचलून झाडता येते. गोणपाट नको, ते ओलं झालं की शहाबादीवर सरकतं, आणि आई त्याच वाटेने येणार.